जुनं इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेलं) इंजिन जाम झालंय, कमी खर्चात जिवंत होईल का?

उधाण
मंडळी, मदत हवी आहे. साधारण साडेआठ मीटरची जुनी शिडाची बोट घेतली. तळ चांगला, शिडं चालण्याजोगी, डोलकाठी सरळ. रडगाणं फक्त इंजिनाचं. यानमार २जीएम२०, दोन सिलिंडर, ६३६ सीसी, थेट समुद्राच्या पाण्याने थंड होणारं. आधीच्या मालकाने बोट किनाऱ्यावर चढवली ती चढवलीच, त्यानंतर कित्येक वर्षं इंजिनाला कुणी हात लावलेला नाही. चावी फिरवली की "खट्ट" आणि पुढे शांतता.

एका मेकॅनिकने वरून टॉर्च मारला आणि "नवीन इंजिन टाका" म्हणून निघून गेला. नवीन इंजिन बोटीपेक्षा महाग पडतंय, त्यामुळे तो विषयच नाही. वेळ आहे, पाने आहेत, मोटरसायकलची इंजिनं खोलून बसवलेली आहेत. डिझेलचा अनुभव शून्य. सुरुवात कुठून करू आणि आधी काय काय विकत घेऊन ठेवू?

जुना_पाना
आधी काहीही विकत घेऊ नका. बजेट कमी असलेल्यांचे पैसे अंदाजाने भाग बदलण्यातच जातात.

एवढं बघून सांगा. डिपस्टिकवर ऑईल कसं दिसतंय? काळं असेल तर चिंता नाही, दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. पातळी खुणेच्या वर गेली असेल तर पाणी किंवा डिझेल खाली उतरलंय. मग रॉकर कव्हरवरचे (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावरचे) दोन्ही डिकॉम्प्रेशन लिव्हर, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारे, उचला, क्रँक पुलीच्या नटाला सॉकेट लावा आणि हाताने फिरतंय का पाहा. तोवर चावीला हात लावायचा नाही. आणि नुसता "खट्ट" आवाज आला म्हणून इंजिन जाम आहे असं धरून चालू नका.

वाऱ्यावरची
शेवटच्या वाक्याला +१. या मालिकेची ही जुनी खोड आहे. कॉकपिटमधल्या चावीपासून स्टार्टरच्या सोलेनॉइडपर्यंत (स्टार्टरचा जाड प्रवाह जोडणारा विजेचा स्विच) बारीक, लांबलचक वायर, मध्ये गंजलेले प्लग. सोलेनॉइडला पूर्ण व्होल्टेज पोचतच नाही, मग तो खट्ट करून गप्प बसतो. लोक स्टार्टर बदलतात, बॅटरी बदलतात, खट्ट तसाच. इंजिनाजवळ एक साधा रिले बसवून सोलेनॉइडला जाड वायरने थेट पुरवठा दिला की प्रश्न मिटतो.

पण आधी हाताने फिरवून बघा. नंतर मल्टिमीटर कसा लावायचा ते सांगते.

उधाण
ऑईल काळं, पातळी बरोबर, दुधाळपणा नाही. लिव्हर उचलून सॉकेट लावला. जागचं हलत नाही.

नोझलमास्तर
गिअर न्यूट्रलला आहे ना? हसू नका, कपलिंग (गिअरबॉक्स आणि शाफ्ट यांचा जोड) न सोडता इंजिनाला जाम ठरवलेलं पाहिलंय. बोट इतकी वर्षं उभी आहे म्हणजे शाफ्ट (पाण्यातल्या पंख्यापर्यंत जाणारा दांडा) मागच्या रबरी बेअरिंगमध्ये चिकटलेला असू शकतो. कपलिंगचे बोल्ट काढून शाफ्ट वेगळा करा. पाण्याच्या पंपाचा आणि अल्टरनेटरचा पट्टा सोडा. स्टार्टर उतरवा, कधीकधी त्याचं पिनिअन फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकून बसतं. एवढं झाल्यावर पुन्हा सॉकेट.

उधाण
सगळं सोडवलं. शाफ्ट वेगळा फिरतो, थोडा जड. इंजिन अजूनही ठाम.

तांडेलकाका
मग आतच जाम आहे. घाबरू नका, यातली बरीच इंजिनं सुटतात. फक्त घाई करायची नाही.

होतं काय, की इंजिन बंद पडतं तेव्हा एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहतो. सायलेन्सरमधल्या पाण्याची दमट, खारी हवा त्यातून सिलिंडरमध्ये जाते आणि पिस्टनच्या रिंगा भिंतीला गंजाने चिकटतात. तो व्हॉल्व्हही आपल्या गाइडमध्ये अडकतो. म्हणून रॉकर कव्हर आधी काढा. रॉकर सैल करून प्रत्येक व्हॉल्व्हच्या डोक्यावर लाकडी दांड्याने हलकं टोका. खाली जाऊन टुणकन वर आला तर चांगला. खालीच राहिला तर अडकलाय, त्याच्या दांड्यावर भेदक (गंजात झिरपणारं) तेल सोडत राहा. अडकलेला व्हॉल्व्ह तसाच ठेवून क्रँक फिरवलंत तर पिस्टन त्याला जाऊन भिडेल.

मग इंजेक्टर काढा. पाइपांची तोंडं आणि पंपाची तोंडं लगेच स्वच्छ प्लास्टिकने बांधा. इंजेक्टरांना दाबाने डिझेल देणारा जो इंजिनावरचा डिझेल पंप, त्याला धुळीचा एक कणही पुरतो. या इंजिनात इंजेक्टरखाली प्री-कंबशन चेंबर आणि त्याची वॉशरं असतात, ती कुठल्या क्रमाने होती त्याचा फोटो काढून ठेवा. त्या भोकांतून दोन्ही सिलिंडरमध्ये तेल सोडा आणि इंजिन विसरून जा. रोज एकदा थोडं तेल, रोज एकदा सॉकेटने पुढे-मागे हलका दाब. पुढे आणि मागे, दोन्हीकडे.

गलबत्या
तेल कसलं? निम्मं ॲसिटोन आणि निम्मं ऑटोमॅटिक गिअरचं ऑईल, याच्यापुढे बाजारातलं कुठलंही भेदक तेल टिकत नाही. आणि हलका दाब वगैरे ठीक आहे, पण दोन मीटरचा पाइप लावा पान्याला, सुटतं का नाही बघा.

तांडेलकाका
मिश्रणाला हरकत नाही, स्वस्त आहे आणि चालतं. फक्त ते दोन्ही नीट मिसळत नाहीत, ओतण्याआधी दर वेळी ढवळा. ॲसिटोनची वाफ पेट घेते, तेव्हा केबिन उघडी ठेवा, जवळपास ठिणगी नको.

दोन मीटरच्या पाइपाला मात्र माझी सक्त हरकत आहे. पुलीचा बोल्ट तुटला की दुखणं दुप्पट. हाताचा जोर पुरत नसेल तर तेलाला आणखी वेळ द्यायचा. फुकट असलेली एकच गोष्ट आपल्याकडे आहे, ती म्हणजे वेळ.

सुकाणूधर
थोडं अवांतर, पण विचारतोच. एवढा खटाटोप करण्यापेक्षा इलेक्ट्रिक मोटर का नाही? आवाज नाही, धूर नाही, देखभाल जवळजवळ नाही.

नोझलमास्तर
अवांतर नाही, रास्त प्रश्न आहे. उत्तर बोट कशी वापरणार यावर आहे. या आकाराच्या बोटीला आरामात चालायला साधारण ५ किलोवॉट धरू. १२ व्होल्ट १०० ॲम्पियर-अवरची लेड बॅटरी म्हणजे १.२ किलोवॉट-तास, त्यातली निम्मी वापरायची, म्हणजे ०.६. एका तासाला अशा आठ बॅटऱ्या संपल्या. डिझेल तेच काम तासाला दीड-दोन लिटरमध्ये करतं. धक्क्यापासून खाडीच्या तोंडापर्यंत जायचं आणि पुढे शीडच, असं असेल तर इलेक्ट्रिक झकास. वारा पडल्यावर रात्रभर प्रवाहाविरुद्ध जायची वेळ येणार असेल तर नाही. लिथियमने वजन कमी होतं, पण मग "कमी खर्चात" हे शब्द धाग्याच्या शीर्षकातून काढावे लागतील.

उधाण
मला लांबच्या फेऱ्या करायच्यात, त्यामुळे डिझेलच.

बातमी चांगली आहे: सुटलं! दुसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खालीच अडकलेला होता. तो तेलाने मोकळा झाला आणि त्यानंतर काही दिवसांनी क्रँक आधी केसभर हललं, मग थोडं जास्त, मग पूर्ण फेरा. मिश्रण गलबत्यांचं, धीर काकांचा. आता इंजेक्टर लावून सेल्फ मारू का?

जुना_पाना
थांबा! सिलिंडरमध्ये अजून तेल आहे. द्रव दाबला जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकेल. इंजेक्टर बाहेर ठेवूनच हाताने बरेच फेरे फिरवा, वर फडकं धरा म्हणजे तेल छतावर उडणार नाही. व्हॉल्व्ह अडकला होता तर पुशरॉड काढून काचेवर लोळवून बघा, वाकलेला असेल तर लगेच कळतो. सिलिंडरमधलं मिश्रण थोडंफार खाली उतरलं असणारच, म्हणून ऑईल आणि फिल्टर बदला. हे पहिलं ऑईल स्वस्तातलं चालेल, लवकरच पुन्हा बदलायचंय. टॅपेटची (रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली) फट थंड इंजिनावर ०.२ मिमी.

मग कॉम्प्रेशन मोजा. गेज डिझेलचा हवा, पेट्रोलचा गेज एवढा दाब दाखवूच शकत नाही. विकत घेऊ नका, कुणाचा तरी मागून आणा.

वाऱ्यावरची
कॉम्प्रेशनसाठी स्टार्टर फिरवावा लागेल, म्हणून आता विजेचं सांगते.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या धन खांबावर, दुसरं स्टार्टरच्या जाड बोल्टवर. टोक खांबाच्या शिशावर टेकवायचं, क्लॅम्पवर नाही. कुणाला तरी चावी फिरवायला सांगा. स्टार्टर फिरत असताना आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. जास्त असेल तर त्या रस्त्यात कुठेतरी गंज आहे. आता तेच ऋण बाजूला: बॅटरीचा ऋण खांब आणि इंजिनाचा ब्लॉक. बहुतेक वेळा चोर इथेच सापडतो, कारण अर्थची वायर जिथे ब्लॉकला लागते तिथे रंग, तेल आणि गंज यांचा थर असतो. बोल्ट काढून लोखंड चकचकीत होईपर्यंत घासा. फिरताना बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर बॅटरीच थकलीय.

फुकटातली दुरुस्ती आहे ही. सँडपेपर आणि अर्धा दिवस.

एक सूचना सगळ्यांसाठी: इंजिन चालू असताना बॅटरीचा मेन स्विच बंद करू नका, अल्टरनेटरचे डायोड जातात.

उधाण
अर्थच्या वायरने २ व्होल्टच्या वर खाल्ले होते! घासून पुन्हा लावली, रिलेही टाकला. स्टार्टर आता जोरात फिरतो.

कॉम्प्रेशन: पहिला सिलिंडर २७ बार, दुसरा १६. आता हेड (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) काढायचंच का?

नोझलमास्तर
१६ वर तो सिलिंडर नीट पेटणार नाही. पण हेड काढण्याआधी गळती कुठून आहे ते विचारून घ्या इंजिनालाच. तो पिस्टन अगदी वर आणा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असलेल्या स्थितीत. क्रँक पान्याने पक्कं अडकवा, कारण हवा सोडली की इंजिन झटका मारून फिरतं, बोटं सांभाळा. इंजेक्टरच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडा आणि कान लावा. एक्झॉस्टमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवा घेण्याच्या तोंडातून आली तर इनटेक, ऑईल भरायच्या तोंडातून जोरात आली तर रिंगा. शेजारच्या सिलिंडरमध्ये आवाज आला तर हेड गॅस्केट.

उधाण
एक्झॉस्ट. अगदी स्पष्ट. ऑईलच्या तोंडाशी किरकोळ.

नोझलमास्तर
मग तुम्ही सुटलात. रिंगा असत्या तर इंजिन बोटीबाहेर काढावं लागलं असतं. आता हेड उतरवा, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टने हाताने घासून बसवा. आधी जाड पेस्ट, मग बारीक. सीटवर सगळीकडे सारखा राखाडी पट्टा आला की झालं. व्हॉल्व्ह बसवून हेड उलटं ठेवा आणि पोकळीत डिझेल ओता, खाली झिरपत नसेल तर पास. पेस्टचा कणही मागे ठेवू नका.

इंजेक्टर मात्र डिझेल पंप आणि इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्याकडे चाचणीला द्या. फवारा घरी तपासायचा नाही, त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं आणि ती जखम साधी नसते. डिझेल पंप चालत असेल तर त्याला हातही लावू नका.

हेड गॅस्केट नवंच. बोल्ट टॉर्क पान्याने, मॅन्युअलच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने. टॉर्क पाना उसना मिळतो.

तांडेलकाका
आणि हेड उतरलंच आहे तर पाण्याच्या वाटा बघा. तुमच्या इंजिनाचं खरं आयुष्य तिथे लिहिलेलं आहे. फोटो टाका.

उधाण
फोटो टाकलेत. ब्लॉकमधली भोकं अर्धी बुजलेली दिसतायत. पांढरट-तपकिरी, दगडासारखं. दोन भोकांतून तर तारही जात नाही.

तांडेलकाका
बघितले. वाटलं होतं तसंच आहे, पण ब्लॉक वाचण्यासारखा आहे.

समुद्राचं पाणी ६० अंशांच्या आसपास गेलं की त्यातले क्षार भिंतींवर बसायला लागतात. म्हणून तुमच्या इंजिनाचा थर्मोस्टॅट ४२ अंशांना उघडायला लागतो आणि ५२ ला पूर्ण उघडतो. गोड्या पाण्याचं सर्किट असलेल्या २जीएम२०एफला तोच ७१ अंशांचा असतो. चुकून तो बसवला गेला तर इंजिन आतून चुन्याचं होतं. तुमच्यात कुठला आहे ते आत्ताच बघा, कडेला आकडा कोरलेला असतो.

सफाई अशी. ब्लॉकमधले झिंकचे ॲनोड (इंजिनाऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) आधी काढा, नाहीतर आम्ल त्यांनाच खात बसेल. थर्मोस्टॅट काढा. सुटे भाग खरवडून घ्या. ॲनोडच्या आणि ड्रेनच्या भोकांतून ताठ तार घालून निघेल तेवढं हाताने काढा. जेवढं हाताने निघतं तेवढं आम्ल वाचतं. मग हेड बसवल्यावर एक बादली, एक छोटा बिल्ज पंप (बोटीच्या तळातलं पाणी उपसायचा) आणि दोन नळ्या: बादलीतून इंजिनात, इंजिनातून बादलीत. पाण्याच्या पंपाला वगळा, रबराला आम्ल नको. एक्झॉस्टच्या कोपरालाही वगळा, तिथून द्रावण सायलेन्सरमध्ये जाईल.

सायट्रिक ॲसिड, १० लिटर पाण्यात अर्धा ते एक किलो, कोमट असेल तर लवकर काम करतं. पाण्यात ॲसिड टाकायचं, ॲसिडवर पाणी नाही. फेस येईल. फेस थांबला की एक तर क्षार संपले किंवा आम्लाचा जोर संपला. ताजं द्रावण टाकून बघितलं की कळतं. रात्रभर तसंच सोडून जाऊ नका, क्षार संपल्यावर ते लोखंड खायला लागतं. केबिन उघडी, डोळ्यांवर चष्मा, हातमोजे. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि मग भरपूर गोड्या पाण्याने.

गलबत्या
हायड्रोक्लोरिक वापरा, तासाभरात काम होतं.

तांडेलकाका
होतं, आणि पातळ झालेल्या भिंतीला भोकही तासाभरात पडतं. वाटेत एखादा भाग ॲल्युमिनियमचा निघाला तर तोही गेला. या वयाच्या ओतीव लोखंडाला मी नाही लावणार.

वल्हेकरी
छान चाललाय धागा. वाचनखूण साठवली.

माझ्या बोटीत ॲटॉमिक फोर आहे, पेट्रोलचं. हेच सगळं लागू होतं का?

जुना_पाना
जाम सोडवणं, आम्ल, अर्थची वायर, सगळं लागू. फरक एकच आणि तो जिवाचा: पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बिल्जमध्ये साठते. आधी ब्लोअर (तिथली हवा बाहेर काढणारा पंखा) काही मिनिटं चालवायचा, मग नाकाने वास घ्यायचा, मगच चावी. आणि स्वस्तात मिळतो म्हणून मोटारीचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर लावायचा नाही. बोटीच्या पेट्रोल इंजिनाला ठिणगी बाहेर न पडणारेच लागतात.

उधाण
सुट्या भागांबद्दल विचारायचं होतं. पाण्याच्या पंपातून गळतंय, बेअरिंगही खरखरतंय. कंपनीचा पूर्ण पंप परवडण्यासारखा नाही.

जुना_पाना
पंप उघडा. बेअरिंगवर आकडा कोरलेला असतो आणि तो जगभर एकच असतो. उदाहरणार्थ ६२०३ म्हणजे आतून १७, बाहेरून ४०, जाडी १२ मिमी. मग ते पंपात बसो की कपडे धुण्याच्या यंत्रात. दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं घ्या. ऑईल सीलवरही तीन मापं असतात. शाफ्टवर सीलने चरा पाडला असेल तर नवा सील थोडा पुढे-मागे बसतो का बघा, म्हणजे चऱ्यावर येणार नाही. पुढचं झाकण आतून झिजलं असेल तर उलटं करून लावा, रंग आणि अक्षरं घासून. इंपेलर (पंपातलं रबरी पात्यांचं चाक) लावताना ग्लिसरीन किंवा साबणाचं पाणी, ग्रीस नाही. जुन्या इंपेलरचं एखादं पातं तुटलेलं असेल तर तो तुकडा सापडेपर्यंत शोधा, पुढे थर्मोस्टॅटच्या तोंडाशी तो हमखास अडकून बसतो.

तुमचं नाही, पण इतर वाचकांसाठी: बरीच छोटी बोट-इंजिनं मुळात शेतीच्या किंवा कारखान्याच्या इंजिनांवर बेतलेली असतात. बीटा, नान्नी आणि यूनिव्हर्सलची डिझेल कुबोटाच्या ब्लॉकवर आहेत, व्हेटसची बरीचशी मित्सुबिशीच्या. पिस्टन, रिंगा, गॅस्केट मूळ इंजिनाच्या नावाने मागितलं की बरंच स्वस्त पडतं. बोटीचा म्हणून वेगळा भाग म्हणजे मुख्यतः पाणी, एक्झॉस्ट आणि गिअरबॉक्स.

काटकसर कुठे करायची नाही: हेड गॅस्केट, डिझेलचा होज, पाण्याच्या पातळीखालचे होज आणि त्यांचे क्लॅम्प, इंपेलर. हे फुटले तर इंजिन किंवा बोट जाते.

सुकाणूधर
एक्झॉस्टच्या कोपराचा उल्लेख आला पण पुढे कुणी बोललं नाही. माझ्या आधीच्या बोटीत सगळा घोळ तिथेच होता.

नोझलमास्तर
बरं झालं आठवण केलीत, मला तर हा विषय हेडपेक्षा महत्त्वाचा वाटतो. इंजिनातून आलेला गरम धूर आणि थंड करून आलेलं पाणी जिथे एकत्र येतं तो हा कोपर. एकीकडून काजळी, दुसरीकडून मीठ. आतली वाट आकसत आकसत अंगठ्याएवढी, मग पेन्सिलीएवढी होते. लक्षणं: पूर्ण फेरे गाठत नाही, काळा धूर, इंजिन तापतं. लोक डिझेल पंप उघडतात आणि आजार असतो शेपटाकडे.

काढा, आत बघा. काजळी खरवडा, जाळा, मग आम्लात बुडवा. नंतर सगळीकडून टोच्याने टोकरून बघा. आतल्या नळीला बारीक छिद्र पडलं असेल तर पाणी उलटं सिलिंडरमध्ये जातं, आणि तुमचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नेमका गंजला होता, म्हणून हे नीट तपासा. भिंत पातळ वाटली तर कोपर बदला. जाड भिंतीच्या लोखंडी किंवा ३१६ स्टेनलेसच्या पाइप फिटिंगांचा कोपर लेथवाल्याकडून बनवून घेता येतो. पितळ नको. स्टेनलेस वेल्डच्या जागी फुटतं, तेव्हा वेल्ड जितके कमी तितके बरे.

आणि पाणी जिथे कोपरात शिरतं ती जागा बोटीच्या पाणपातळीपासून किमान १५ सेंटिमीटर वर आहे का? नसेल तर होजला उंच वळसा देऊन वर सायफन तोडणारा व्हॉल्व्ह लागतो. नाहीतर इंजिन बंद असताना समुद्र हळूहळू सिलिंडरमध्ये भरतो.

उधाण
कोपर काढला. टोच्या आरपार गेला! नवा बनवायला दिलाय. पाणपातळी मोजली, १५ भरत नाही आणि सायफन व्हॉल्व्ह मुळात लावलेलाच नव्हता. म्हणजे गंज आला कुठून तेही कळलं.

आम्लाचं कामही झालं. पहिल्या बादलीचं पाणी चिखलासारखं, तिसरीचं जवळपास स्वच्छ. व्हॉल्व्ह घासले, हेड बसलं. कॉम्प्रेशन २७ आणि २६. आता डिझेल. टाकीत जुनं डिझेल आहे, तळाशी काळा चिकट गाळ.

वाऱ्यावरची
ते सगळं बाहेर. डिझेलमध्ये पाणी साचलं की त्या सीमेवर जिवाणू आणि बुरशी वाढते, हा तोच गाळ. शांत पाण्यात तळाशी बसून राहतो, लाटांत बोट हलली की उठतो आणि नेमका नको तेव्हा फिल्टर बंद करतो. टाकी धुवा, आणि आत उतरणाऱ्या नळीच्या टोकाला जाळी आहे का तेही बघा, ती तुंबते आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

पहिल्यांदा सुरू करताना टाकी जोडूच नका. स्वच्छ कॅनमधून थेट फीड पंपाला नळी द्या. कॅनवर चाललं आणि टाकीवर बंद पडलं तर दोष टाकी ते पंप यांच्या मध्ये आहे हे न उघडताच कळतं.

जुना_पाना
एअर काढायचा क्रम: फीड पंपाचा लिव्हर मारत राहा, फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, बुडबुडे थांबले की बंद. मग डिझेल पंपावरचा स्क्रू. लिव्हर पोकळ लागत असेल तर खालचा कॅम वर आलेला आहे, क्रँक थोडं फिरवा. शेवटी इंजेक्टरकडचे नट सैल करून सेल्फ मारा, डिझेल आलं की घट्ट. तांब्याची वॉशरं लाल करून पाण्यात टाका, मऊ होतात आणि पुन्हा चालतात. लक्षात ठेवा, पंपाच्या आधीच्या नळीत गळती असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. फरशी कोरडी दिसते आणि इंजिन धापा टाकतं.

तांडेलकाका
सेल्फ मारत असाल तेवढा वेळ सीकॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा तळातला व्हॉल्व्ह) बंद ठेवा. इंजिन पेटलेलं नसताना पंप पाणी ढकलत राहतो, धुराचा जोर नसल्याने ते सायलेन्सरमध्ये साचतं आणि मागे सिलिंडरमध्ये येतं. पेटलं रे पेटलं की लगेच उघडा, इंपेलर कोरडा फार वेळ तगत नाही.

आणि हवा घेण्याच्या तोंडाशी एक सपाट फळी हाताशी असू द्या. इतकी वर्षं पडलेल्या डिझेल पंपाची रॅक (डिझेल किती जायचं ते ठरवणारी पट्टी) अडकून इंजिन बेफाम फेरे घ्यायला लागलं, तर डिझेल बंद करून थांबेलच असं नाही. फळीने तोंड दाबायचं. हात नाही, फळी!

उधाण
सुरू झालं!!!

आधी नुसता पांढरा धूर, मग एक सिलिंडर, मग दुसरा. ऑईलचा दिवा लगेच विझला, मागून पाणी येतंय. फळी लागली नाही. पाण्यात उतरवल्यावर पुन्हा चालवलं. पांढरा धूर गरम झाल्यावर गेला. पण बांधलेल्या बोटीत गिअर टाकून पूर्ण थ्रॉटल दिला की काळा धूर आणि फेरे २८०० च्या पुढे जात नाहीत. न्यूट्रलला ३६०० च्या वर जातात.

नोझलमास्तर
अभिनंदन! बांधलेल्या बोटीत पूर्ण फेरे मिळतच नाहीत, पंख्याखालून (प्रोपेलरखालून) बोट पुढे सरकत नसते. मोकळ्या पाण्यात बघा. तिथेही ३४०० च्या आसपास पोचलं नाही तर पंख्यावर शिंपले आहेत का ते बघा, आणि नसतील तर पंख्याची पिच (पात्यांचा तिरकसपणा) जास्त आहे. कोपर नवा आहे, कॉम्प्रेशन बरोबर आहे, म्हणजे इंजिनावर संशय घ्यायचं कारण नाही.

उधाण
पंखा साफच केला नव्हता. केला. मोकळ्या पाण्यात ३३५०, धूर किरकोळ.

पण कपलिंग परत जोडल्यापासून शाफ्ट थरथरतो आणि ग्लँडमधून (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथल्या सीलमधून) पाणी टपकतंय.

तांडेलकाका
अलाइनमेंट (इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणणं) पाण्यातच करायची, किनाऱ्यावर केलेली उपयोगाची नाही. बोट पाण्यात वेगळी बसते. एक-दोन दिवस तरंगू द्या, डोलकाठीच्या दोऱ्या नेहमीच्या ताणावर ठेवा. मग कपलिंगचे बोल्ट सैल करून दोन फ्लँजमधली फट फीलर गेजने वर, खाली, डावी, उजवी मोजा. १०० मिमीच्या फ्लँजला सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान फटीतला फरक ०.१ मिमीच्या आत. आधी माउंटचं (इंजिन ज्यांवर टेकतं त्या पायांचं) रबर बघा, डिझेलने फुगलेलं असेल तर मोजमाप टिकणार नाही.

ग्लँड दोरीच्या पॅकिंगचा असेल तर शाफ्ट फिरताना मिनिटाला काही थेंब पडलेच पाहिजेत, त्यानेच तो थंड राहतो. उभ्या बोटीत थेंब नको. नट एका वेळी अगदी थोडा आवळा, थोडा वेळ चालवा, हात लावून बघा. गरम लागला तर जास्त आवळलाय.

वल्हेकरी
आम्लाआधी काढलेले ॲनोड परत लावलेत ना? कुणी विचारलं नाही म्हणून.

उधाण
नवे लावले, जुने निम्मे खाल्ले गेले होते. आट्यांवर टेफ्लॉन टेप न गुंडाळता, म्हणजे ब्लॉकशी धातूचा संपर्क राहील. पहिलं स्वस्त ऑईलही काढून टाकलं, बरंच काळं निघालं पण पाणी नाही. माउंट दोन बदलावे लागतील. त्यांची मापं उद्या टाकतो, कुणाकडे जुने पडलेले असतील तर सांगा.